जुन्या लष्करी रायफलीच्या नेमकेपणाची परीक्षा

सैन्याच्या साठ्यातून निकालात काढलेली जुनी रायफल एखाद्या नेमबाजाच्या हाती आली, की त्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : ही रायफल अजून नेमकी मारते काय? या प्रश्नाचे उत्तर मिळविण्याची रूढ पद्धतही ठरलेलीच आहे. शंभर यार्डांवर कागदी लक्ष्य लावावयाचे, वाळूच्या पिशव्यांवर रायफल टेकवून तीन किंवा पाच गोळ्या झाडावयाच्या, कागदावरील सर्वांत दूरच्या दोन भोकांमधील अंतर पट्टीने मोजावयाचे, आणि ते अंतर म्हणजेच रायफलीचा गुण असे धरून चालावयाचे. या पद्धतीत श्रम थोडे आणि समाधान पुष्कळ आहे. मात्र अशा परीक्षेवरून नळी बदलली जाते, लाकूड तासले जाते, एक रायफल ठेवून दुसरी विकली जाते. म्हणून तीतून निघणारा निष्कर्ष संख्याशास्त्राच्या कसोटीस कितपत उतरतो, हे पाहणे अगत्याचे आहे. विवेचनासाठी येथे ०.३०३ इंची ली-एनफील्ड ही रायफल घेतली आहे. कारण तिची जुनी कागदोपत्री माहिती उपलब्ध आहे आणि भारताशी तिचा संबंध जवळचा आहे.

या रायफलीचा बोल्ट व काडतुसांची पेटी ही जेम्स पॅरिस ली यांची योजना, आणि नळीतील पेचदार खाचांची रचना इंग्लंडमधील एनफील्ड येथील शस्त्रकारखान्याची. म्हणून हे जोडनाव. तिचा सर्वांत प्रसिद्ध प्रकार, मार्क तीन, ब्रिटिश सैन्याने १९०७ साली स्वीकारला. पहिल्या महायुद्धात उत्पादन वाढविणे निकडीचे झाल्यावर १९१६ साली त्यातील काही भाग गाळून त्याचे सोपे रूप करण्यात आले. कलकत्त्याजवळील इशापूरच्या कारखान्यात हीच रायफल तयार होत असे व १९४७ नंतरही तेथे तिचे उत्पादन चालू राहिले. १९६२ च्या चीनबरोबरील युद्धानंतर तेथेच तिची ७.६२ मिलिमीटरची आवृत्ती निघाली. सैन्यातून ती गेल्यावरही पोलिसांच्या खांद्यावर ती कित्येक वर्षे राहिली. उत्तर प्रदेशाच्या पोलिसांनी तर २०२० च्या प्रजासत्ताकदिनी तिला निरोप दिला. भारतात १९५९ च्या शस्त्र अधिनियमानुसार हा बोअर सामान्य नागरिकास निषिद्ध असल्याने निकाली मालाचा बाजार येथे नाही. तो आहे ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया व अमेरिका या देशांत. अमेरिकेत तर १९६८ च्या कायद्यापूर्वी अशा रायफली टपालाने मागविता येत असत. इशापूरच्या रायफलीही त्या बाजारात पोहोचल्या आणि तेथील चांदमारीच्या मैदानांवर त्यांची परीक्षा होऊ लागली.

परीक्षेचा विचार करण्यापूर्वी दोन भिन्न गोष्टी वेगळ्या करणे अवश्य आहे. गोळ्यांच्या समूहाचे मध्यस्थान लक्ष्यबिंदूपासून किती दूर पडले, ही एक गोष्ट. आणि त्या मध्यस्थानाभोवती गोळ्या किती पसरल्या, ही दुसरी. पहिलीला स्थानदोष व दुसरीला विखुरण म्हणता येईल. स्थानदोष दूर करणे फारसे कठीण नसते. ली-एनफील्डची पुढची माशी निरनिराळ्या उंचीची मिळते. समूह वर पडत असेल तर उंच माशी बसवावी, खाली पडत असेल तर बुटकी, आणि डावी-उजवी चूक असेल तर माशी तिच्या खाचेत बाजूला सरकवावी. विखुरणावर मात्र असा तत्काळ उपाय नाही. सारी भोके केंद्रापासून चार इंच डावीकडे पण एका नाण्याखाली झाकतील अशी पडली, तर ती रायफल उत्तम आहे. केंद्राभोवती चारी दिशांना पसरली, तर मध्यस्थान बरोबर केंद्रावर असूनही ती सामान्य आहे. व्यवहारात अनेकदा नेमके उलटे मानले जाते.

आता, जुन्या रायफलीकडून अपेक्षा तरी किती ठेवावी? याचे उत्तर कारखान्याच्या स्वीकृतिचाचणीत सापडते. ली-एनफील्ड कारखान्यातून बाहेर पडण्यापूर्वी १०० फुटांवरून पाच गोळ्या झाडल्या जात व त्यांपैकी चार गोळ्या १ इंच रुंद व १½ इंच उंच अशा आयतात पडाव्या लागत. शिवाय दर शंभरांतील दहा रायफली ६०० यार्डांवर तपासल्या जात; तेथे दहांपैकी नऊ गोळ्या २ फूट व्यासाच्या वर्तुळात पडणे आवश्यक असे.

या दुसऱ्या अटीचे गणित करून पाहण्यासारखे आहे. गोळीचे आडवे व उभे विचलन ही दोन्ही प्रसामान्य वितरणाची, परस्परांपासून स्वतंत्र व सारख्या प्रमाण विचलनाची आहेत असे गृहीत धरू. मग मध्यस्थानापासून गोळीचे अंतर लॉर्ड रॅले यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या वितरणाचे असते, आणि शेकडा ९० गोळ्या सामावणाऱ्या वर्तुळाची त्रिज्या प्रमाण विचलनाच्या सुमारे २.१५ पट येते. येथे ती त्रिज्या १२ इंच आहे. म्हणून अट जेमतेम पुरी करणाऱ्या रायफलीचे प्रमाण विचलन ६०० यार्डांवर सुमारे ५.६ इंच, म्हणजे १०० यार्डांच्या हिशेबाने ०.९३ इंच होते. अशा रायफलीच्या पाच गोळ्यांच्या समूहाचे महत्तम अंतर सरासरीने २.९ इंचांच्या जवळपास असेल. अर्थात् १०० यार्डांवर तीन इंचांत पाच गोळ्या टाकणारी ली-एनफील्ड बिघडलेली नव्हे. जशी घडविली तशीच ती आहे. तिच्याकडून एका इंचाची अपेक्षा करून मग तिला नावे ठेवणे हा त्या रायफलीवर अन्याय आहे.

मात्र कारखान्यातून निघाल्यानंतर पन्नास-शंभर वर्षांत तिचे काय झाले हा प्रश्न उरतोच. येथे कारणे अनेक आहेत आणि प्रत्येकाची खूण वेगळी आहे. ब्रिटिश काडतुसात पूर्वी कॉर्डाइट नावाची दारू असे. तिची ज्वाला अतिशय उष्ण असल्याने काडतुसाच्या कोठीपुढील नळीचा भाग, जेथून खाचा सुरू होतात तो, प्रथम झिजतो. जुन्या काडतुसांच्या टोपीत पोटॅशियम क्लोरेट असे. स्फोटानंतर त्याचे पोटॅशियम क्लोराइड होऊन नळीत बसते, हवेतील ओल शोषते व गंज चढवते. हा क्षार तेलात विरघळत नाही, पाण्यात विरघळतो. म्हणूनच गोळीबारानंतर नळीतून उकळते पाणी ओतण्याचा जुना शिरस्ता होता. ज्याने तो पाळला नाही त्याच्या रायफलीची नळी आरशासारखी न दिसता खरखरीत दिसते. तिसरी झीज साफसफाईतून होते. नळी साफ करण्याची वजन बांधलेली दोरी दस्त्यातील कप्प्यातच ठेवलेली असे. ती तिरपी ओढली गेली की नळीच्या तोंडाशी एका बाजूस घासून खाच पाडते. नळीचे तोंड हे गोळीला शेवटचा स्पर्श करणारे स्थान असल्याने तेथील थोडीशी असमानताही आत कोठेतरी पडलेल्या मोठ्या डागापेक्षा अधिक उपद्रव देते.

नळीचे माप घेण्याची एक साधी रीत आहे. मऊ शिशाची गुल्ली तेल लावून नळीतून हलके ठोकत बाहेर काढावयाची व तिच्यावर उमटलेल्या उठावांचा व्यास सूक्ष्ममापकाने मोजावयाचा. येथे एक अडचण ध्यानात घ्यावी लागते : एनफील्डच्या नळीत पाच खाचा असतात. विषम संख्येमुळे खाचेसमोर खाच येत नाही, आणि साध्या मापकाने सरळ व्यास मिळत नाही. त्यासाठी इंग्रजी व्ही अक्षराच्या आकाराचा आधार वापरावा लागतो. खाचांच्या तळाशी मोजलेला व्यास निरनिराळ्या रायफलींत ०.३११ पासून ०.३१५ इंचांपर्यंत व क्वचित त्याहूनही अधिक आढळतो. युद्धकाळातील घाईच्या उत्पादनात एवढी सवलत दिलेली होती.

या सवलतीचा काडतुसाशी निकट संबंध आहे. १९१० साली स्वीकारलेल्या मार्क सात काडतुसाची गोळी १७४ ग्रेन वजनाची असून तिचा वेग सेकंदास २,४४० फूट होता. तिच्या टोकाकडील भागात शिशाऐवजी ॲल्युमिनियम वा लाकडाच्या लगद्यासारखा हलका पदार्थ भरलेला असे, त्यामुळे तिचा भार मागे झुकलेला असे. तिचे बूड सपाट व शिसे उघडे असल्याने दारूच्या दाबाखाली ते किंचित फुगून सैल नळीतही खाचा भरून काढी. आजची निमुळत्या बुडाची, टणक व थोड्या कमी व्यासाची गोळी त्याच सैल नळीत घातली तर ती खाचांत नीट बसत नाही आणि समूह विस्कटतो. अशा वेळी दोष नळीचा म्हणावा की गोळीचा? वस्तुतः तो दोघांच्या जोडीचा आहे. म्हणून परीक्षेच्या नोंदीत रायफलीइतकेच काडतुसाचे वर्णन असले पाहिजे : कारखाना, वर्ष, शक्य तर खेपेचा क्रमांक. पुण्याजवळील खडकीच्या, १८६९ साली स्थापन झालेल्या दारूगोळा कारखान्याची ०.३०३ काडतुसे त्यांच्या बुडावरील ‘के. एफ.’ या अक्षरांवरून ओळखता येतात. त्यांवरील वर्षाचा आकडा नोंदवून ठेवणे हे परीक्षकाचे पहिले काम होय. दोन वर्षांची काडतुसे एकाच समूहात मिसळली तर विखुरणात एक अनाहूत घटक शिरतो व तो नंतर वेगळा काढता येत नाही.

लाकडाचाही विचार हवा. मार्क तीनची नळी जवळजवळ तोंडापर्यंत लाकडात वेढलेली असते व पुढे एक लहान स्प्रिंग तिला खालून उचलून धरते. लाकूड पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते; तेलाने मऊ होते. त्याचा नळीवरील दाब बदलला की समूहाचे स्थान सरकते, आणि नळी तापत असताना दाब बदलत गेला तर एकाच समूहातील गोळ्या क्रमाने एका दिशेस चालू लागतात. इशापूरच्या अनेक रायफलींत पुढच्या लाकडातून एक आडवा स्क्रू घातलेला दिसतो तो लाकूड चिरू नये म्हणून.

याहून सूक्ष्म अशी एक गोष्ट ली-एनफील्डच्या बाबतीत प्रसिद्ध आहे. तिच्या बोल्टची अडण पुढच्या टोकाशी नसून मागे आहे. गोळी सुटताना त्यामुळे बोल्ट व त्याचे घर किंचित लवते आणि नळीला उभ्या दिशेने झोका बसतो. नळीच्या कंपनांचा गणिती विचार ए. मॅलॉक यांनी १९०१ सालीच रॉयल सोसायटीच्या कार्यवृत्तात मांडला होता. या रायफलीत गोळी बाहेर पडते त्या क्षणी नळीचे तोंड वर जात असते. मंद गोळी थोडी उशिरा बाहेर पडते, म्हणून ती थोड्या उंच कोनात सुटते. वेगवान गोळी आधी, म्हणून खालच्या कोनात. जवळच्या अंतरावर त्यामुळे समूह उभा ताणला जातो. दूर अंतरावर मात्र मंद गोळीची जादा घट आणि तिचा जादा कोन परस्परांना काटतात. वेगात शेकडा एकाचा फरक असला तर त्याने १०० यार्डांवर गोळी इंचाच्या शतांशांइतकीच खाली येते, पण ६०० यार्डांवर सुमारे तीन इंच. यावरून या भरपाईचे महत्त्व ध्यानात येईल. तात्पर्य, शंभर यार्डांवरच्या समूहाला सहाने गुणून सहाशे यार्डांचे भाकीत करणे या रायफलीच्या बाबतीत विशेष धोक्याचे आहे. समूह उभा दिसल्यास आडवे व उभे प्रमाण विचलन वेगवेगळे काढावे. वर गृहीत धरलेली समानता तेथे लागू पडत नाही.

आता मूळ मुद्द्याकडे वळता येईल. समजा, १०० यार्डांवर पाच गोळ्या झाडल्या. लक्ष्यबिंदूपासून उजवीकडील अंतरे इंचांत ०.५, –०.५, १.०, –१.० व ० अशी, आणि त्याच क्रमाने वरील अंतरे २.०, ३.०, १.५, २.५ व ३.५ अशी आली. आडवी सरासरी शून्य व उभी सरासरी २.५ इंच, म्हणजे समूह अडीच इंच वर आहे. सरासरीपासूनच्या विचलनांच्या वर्गांची बेरीज आडव्या दिशेने २.५ व उभ्या दिशेने २.५, एकूण ५.० होते. दोन सरासऱ्या नमुन्यातूनच काढल्यामुळे स्वातंत्र्यमात्रा दहा नसून आठ उरतात. पाचास आठाने भागून वर्गमूळ घेतले की प्रमाण विचलन ०.७९ इंच मिळते. सर्वांत दूरच्या दोन भोकांतील अंतर २.२४ इंच आहे. वर काढलेल्या लष्करी मर्यादेशी ताडता रायफल चांगली ठरली, असे कोणीही म्हणेल.

परंतु आठ स्वातंत्र्यमात्रांच्या काय-वर्ग कोष्टकात पाहिले असता दिसते, की शेकडा ९५ विश्वासाने रायफलीचे खरे प्रमाण विचलन नमुन्यातील आकड्याच्या ०.६८ पटीपासून १.९२ पटीपर्यंत कोठेही असू शकते, म्हणजे ०.५३ पासून १.५१ इंचांपर्यंत. पाच गोळ्यांच्या समूहांच्या भाषेत सांगावयाचे तर तीच पाच भोके सरासरी १.६ इंचांचे समूह देणाऱ्या असामान्य रायफलीशी जुळतात आणि ४.६ इंचांचे समूह देणाऱ्या, कारखान्याने नाकारली असती अशा रायफलीशीही जुळतात. पाच गोळ्यांनी या दोहोंत निवाडा होत नाही. पाच-पाच गोळ्यांचे चार समूह झाडून त्यांचे वर्ग एकत्र केले, तर स्वातंत्र्यमात्रा ३२ होतात व तीच मर्यादा ०.८० पासून १.३२ पटींपर्यंत आवळते. वीस काडतुसांचा हा खर्च ज्याला जड वाटतो त्याने निष्कर्षही तेवढाच हलका ठेवावा.

महत्तम अंतर मोजण्याच्या रूढीत आणखी एक उणीव आहे. ते केवळ दोन भोकांवरून ठरते; दहा गोळ्यांच्या समूहात उरलेल्या आठ भोकांचे म्हणणे ऐकलेच जात नाही. शिवाय ते गोळ्यांच्या संख्येबरोबर वाढत जाते. अमेरिकी सैन्याच्या ॲबर्डीन येथील संशोधनशाळेतील संख्याशास्त्रज्ञ फ्रँक ग्रब्ज यांनी १९६४ साली नेमबाजांसाठी लिहिलेल्या पुस्तिकेत या मापांची कोष्टके दिली आहेत. त्यांनुसार महत्तम अंतराची सरासरी तीन गोळ्यांसाठी प्रमाण विचलनाच्या सुमारे २.४१ पट, पाचांसाठी ३.०७ पट व दहांसाठी ३.८१ पट असते. तेव्हा एकाच रायफलीचा तीन गोळ्यांचा समूह दहांच्या समूहापेक्षा तिसऱ्या हिश्शाहूनही अधिक लहान दिसतो आणि त्यात रायफलीचे कर्तृत्व काहीच नसते. तीन गोळ्यांची प्रथा लोकप्रिय का, याचे बरेचसे उत्तर येथे मिळते. मध्यस्थानापासून सर्व भोकांच्या अंतरांची सरासरी, म्हणजे सरासरी त्रिज्या, हे माप अधिक चांगले. कारण त्यात प्रत्येक गोळीचा वाटा असतो. वर्गांची बेरीज त्याहूनही चांगली. कागद-पेन्सिल घेऊन बसलेल्या नेमबाजास पूर्वी तिचा कंटाळा येणे स्वाभाविक होते. आज ती सबब उरलेली नाही.

मापाहूनही मोठा दोष निवडीचा आहे. समूहाबाहेर गेलेली एक गोळी ‘चाप ओढताना हात हलला’ म्हणून सोडून देणे, किंवा सहा समूहांतील सर्वांत लहान तेवढा जपून ठेवून तोच रायफलीचा गुण म्हणून सांगणे, या दोन्ही गोष्टी सर्रास होतात. हात हलला असे वाटले तर ते भोक पाहण्यापूर्वी जाहीर करावे. पाहिल्यानंतर सुचलेले कारण ग्राह्य धरू नये. सर्वांत लहान समूहाच्या बाबतीत गाल्टन यांनी १८८६ साली वर्णिलेले मध्याकडील प्रतिगमन ठळकपणे दिसते : तोच नेमबाज, तीच रायफल, तीच काडतुसे, तरी पुढचा समूह बहुधा मोठाच येतो. दुसऱ्या महायुद्धात क्रमांक चारच्या रायफलींतून दूरवेधी नेमबाजांसाठी चांगल्या रायफली निवडून त्या दुर्बीण बसविण्यासाठी लंडनच्या हॉलंड अँड हॉलंड या कारखान्याकडे पाठविल्या जात. अशा निवडीत थोड्या गोळ्यांच्या बळावर निवडलेल्या रायफलींपैकी काही केवळ त्या दिवशी नशीबवान असणार, हे उघड आहे. म्हणून निवडीनंतर पुन्हा स्वतंत्र परीक्षा घेणे हाच मार्ग उरतो.

तुलनेचा प्रश्न तर अधिकच कठीण आहे. लाकूड नव्याने बसविल्यावर रायफल सुधारली काय? समजा एका स्थितीत प्रमाण विचलन १.० इंच व दुसऱ्या स्थितीत १.२ इंच आहे; विसांश टक्क्यांचा नव्हे, चांगला शेकडा वीसांचा फरक. प्रत्येक स्थितीत पाच गोळ्यांचा एकेक समूह झाडला, तर सुमारे तीनातून एकदा वाईट स्थितीचाच समूह लहान येईल. हा फरक शेकडा ५ च्या सार्थकता-पातळीवर, पाचातून चार वेळा पकडावयाचा तर प्रत्येक स्थितीत सुमारे १२० गोळ्या झाडाव्या लागतात. उलट विखुरण निम्म्यावर आले असेल तर प्रत्येकी दहा गोळ्या जवळजवळ पुरतात. यावरून एक व्यवहार्य नियम निघतो : थोड्या काडतुसांत फक्त मोठे फरक शोधावेत. नळीच्या तोंडाशी पडलेली खाच, सैल झालेले मागचे स्क्रू, न जुळणारी गोळी, यांचे परिणाम मोठे असतात व ते दहा-वीस गोळ्यांत दिसतात. बारीकसारीक सुधारणांचे श्रेय-अपश्रेय मात्र त्या खर्चात ठरत नाही.

कागदावर दिसणारे विखुरण एकट्या रायफलीचे नसते, हेही विसरता कामा नये. रायफल, काडतूस व नेमबाज या तिघांची प्रचरणे, म्हणजे प्रमाण विचलनांचे वर्ग, बेरजेने एकत्र येतात. समजा नेमबाजाच्या डोळ्याचा व हाताचा वाटा ०.७ इंच आणि रायफल-काडतुसाचा वाटाही ०.७ इंच आहे. एकत्रित विखुरण सुमारे १.० इंच होईल. रायफलीचा वाटा ०.५ इंचांवर आणला तरी एकूण ०.८६ इंचच राहते. मार्क तीनची मागची फट उघडी व डोळ्यापासून दूर आहे. वय झालेल्या डोळ्याला फट, माशी व लक्ष्य ही तिन्ही एकदम स्पष्ट दिसत नाहीत. क्रमांक चारवरील डोळ्याजवळच्या छिद्राने यात पुष्कळ सुधारणा झाली. नेमबाजाचा वाटा निराळा काढण्यासाठी त्याच माणसाने त्याच दिवशी, जिचे विखुरण आधी ठाऊक आहे अशा दुसऱ्या रायफलीने समूह झाडावेत, अथवा दोन नेमबाजांनी आलटून पालटून परीक्ष्य रायफल हाताळावी.

चाळीस काडतुसे हाती असतील तर परीक्षेची मांडणी अशी करता येईल. सर्वप्रथम, एकही गोळी झाडण्यापूर्वी, जाणकार कारागिराकडून नळीत अडथळा नाही, बोल्ट त्याच रायफलीचा आहे व काडतुसाच्या बुडामागे राहणारी मोकळी जागा मापकानुसार मर्यादेत आहे, याची खात्री करून घ्यावी. इशापूरच्या ७.६२ मिलिमीटरच्या रायफली बाहेरून ०.३०३ सारख्याच दिसतात, तेव्हा छापही तपासावा. मग नळी पुसून कोरडी करावी व दोन-तीन गोळ्या केवळ नळी स्थिर होण्यासाठी झाडाव्यात. तेल लागलेल्या थंड नळीची पहिली गोळी बहुधा वेगळी पडते आणि ती समूहात धरणे योग्य नाही. टेकू लाकडाच्या खाली, मागच्या भागाकडे द्यावा, नळीला लागू देऊ नये. दोन प्रकारची काडतुसे तपासावयाची असतील तर एका प्रकारचे चार समूह आधी व दुसऱ्याचे नंतर असे न करता ते अ, ब, ब, अ या क्रमाने झाडावेत, म्हणजे वारा, ऊन, थकवा व नळीची उष्णता यांचा भार दोन्ही बाजूंवर सारखा पडतो. प्रत्येक समूहानंतर नळी हाताला कोमट लागेपर्यंत थांबावे.

याप्रमाणे वीस-वीस गोळ्यांची नोंद मिळाल्यावर पाहण्याची पहिली गोष्ट भोकांचा आकार ही होय, आकडा नव्हे. भोक गोल नसून लांबट, गोळीच्या कुशीसारखे असेल, तर गोळी उलटत-पालटत गेली आहे. नळीने तिला पुरेशी फिरकी दिलेली नाही. तेथे एकाच भोकाने निकाल लागतो आणि काय-वर्ग कोष्टक उघडण्याचे कारण उरत नाही. भोके गोल असतील तर ती क्रमांकासह कागदावरच राहू द्यावीत. गोळ्या क्रमाने वर चढत गेल्या असतील तर लाकडाकडे पाहावे; समूह आडवा पसरला असेल तर आधी वाऱ्याकडे; समूहाचे दोन ठिपके झाले असतील तर एखादा स्क्रू सैल आहे काय, इकडे. महत्तम अंतराचा एक आकडा वहीत उतरवून कागद फेकून दिला, तर ही सारी माहिती त्याबरोबर जाते. आणि पन्नास वर्षांपूर्वीच्या एखाद्या खेपेची शेवटची काडतुसे एकदा झाडली की ती परीक्षा पुन्हा घेता येत नाही.